गाराफांव

काचेला भोक पाडायचं तर आधी पाणी.
परातीत दोन बोटं पाणी, खाली लाकडाची फळी,
खुणेवर कागदी चिकटपट्टी,
बिट हिऱ्याच्या भुकटीचं, पोकळ, दहा मिलिमीटर.
सुरुवातीला तिरकं धरायचं.
नखाएवढी कोर उमटली की हळूहळू उभं करायचं
आणि दाबायचं नाही.
हे शेवटचं शिकायला मला दीड वर्ष लागलं.
सेहेचाळीस बाटल्या गेल्या.

मी मूळचा ड्रिलर. वेळग्याच्या खाणीवर अठरा वर्षं.
तिथं दहा-दहा मीटर खोल, ओळीनं,
चार पावलांवर एक.
भोक म्हणजे दारू ठासायची जागा.
मग लाल बावटा, तीनदा भोंगा,
आणि डोंगराची एक पायरी बसकण मारायची.
किती पाडली, मोजलं नाही. कोण मोजतो?

खाण बंद पडली त्या वर्षी
दोरीवरचे कपडे पहिल्यांदा पांढरे वाळले.
सतू म्हणाली, धुणं बरं निघतंय आता.
मग दोघंही काही बोललो नाही.

आता आसगावच्या एका दुकानासाठी दिवे करतो.
फेणीच्या रिकाम्या बाटल्या, बुडाशी भोक, आतून वायर.
काल कायतान आला,
रिक्षात मांडीवर गाराफांव घेऊन,
तापातलं पोर दवाखान्यात आणावं तसा.
त्याच्या आईचा. हिरवा, पोटाळ, वेताची टोपली कधीच गळालेली.
भाटी मोडली, तांब्याचं भाण विकलं,
एवढा राहिलाय, म्हणाला, दिवा कर,
आल्ताराच्या बाजूला ठेवतो.

उजेडात धरला तर काचेत बुडबुडा.
तांदळाएवढा, लांबुडका,
नेमका खुणेच्या जागी.
कुणीतरी कुठंतरी फुंकलेली काच.
त्या माणसाच्या छातीतला तेवढा वारा
अजून बाहेर पडायचा राहिलाय.

सतू म्हणाली, मग खूण सरकव ना.

डोंगरात मी एकदाच खूण सरकवली होती.
रोयण होती तिथं, छातीएवढं वारूळ,
कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं.
मुकादमानं अर्धा दिवस कापला.
आणि पुढच्या महिन्यात ती पायरी गेलीच,
रोयणीसकट.

सरकवली. दोन बोटं डावीकडे.
परातीत मावेना, म्हणून गोणपाटावर आडवा निजवला,
खुणेभोवती चिकणमातीचं आळं केलं,
माडाला करतात तसं, पण वाटीएवढं,
आणि त्यात पाणी ओतलं.

पुढचं काम कानाचं.
आधी दातांत शिरणारी किरकिर,
मग पाणी दुधाळ होतं,
मग एक वेळ अशी येते की आवाज पातळ होतो.
पलीकडची बाजू जवळ आली.
इथं हात जवळजवळ उचलून घ्यायचा,
यंत्राचं वजन पुरतं.
आणि इथंच मी अजून मागे वळून बघतो,
कुणी उभं नाही ना.
सतू नारळ खवता खवता विचारते,
भोंगा वाजवू?

टिक.
आळ्यातलं पाणी गपकन आत गेलं.
गाराफांव अख्खा.
बुडबुडा जागेवर.
भोकाला नाक लावलं तर
कायतानच्या आईची फेणी अजून आत होती,
वासापुरती.

उलटा करून हलवला, गळ्यातून चकती निघाली.
चकत्या मी फेकत नाही.
बिस्किटांच्या डब्यात ठेवतो, ही तीनशे बारावी.
या वेळी मोजतोय.

दुपारी तसाच खाणीपर्यंत चालत गेलो.
खड्ड्यात पाणी साचलंय, हिरवं, तळ दिसत नाही.
पोरं पोहायला उतरतात, ओरडलो त्यांच्यावर.
काठावर जुन्या भोकांच्या अर्ध्या नळ्या दिसतात
उभ्या दगडात, बोटं ओढल्यासारख्या.

संध्याकाळी कायतान आला.
दिव्याकडे न बघता आधी काच न्याहाळली,
बुडबुड्यावर नख टेकवलं.
हे काय, तुझ्याकडून झालं?
म्हटलं, नाही रे,
ते तुझ्या आईच्याही आधीचं आहे.
त्यानं तिथंच पुन्हा एकदा नख फिरवलं.
दोनशे झाले, मी म्हटलं. वायरीचे वेगळे.